सड्यावरची वाट

मुंबईहून येणारी गाडी उक्षी सोडून करबुड्याच्या बोगद्यात शिरते. साडेसहा किलोमीटर नुसता अंधार. या भागातला सडा बघायचा तर सायकलच हवी. एकदा चढ संपला की वर सगळं सपाट. चाकाखाली जांभ्याची लाल खडी करकरते. परदेशात बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ काढून सायकलवाटा केल्या आहेत. आमची रेल्वे १९९८ पासून चालू आहे आणि चालूच राहो. आम्हाला सडा पुरे.

उन्हाळ्यात टिटवी इथे उघड्यावर अंडी घालते. ती खड्यांत खडे होऊन बसतात, दिसत नाहीत. टिटवी ओरडू लागली की उतरायचं आणि सायकल हाताने न्यायची. पावसाळा सरताना कातळावर सीतेची आसवं फुलतात, सडा निळा होतो. उक्षीच्या कातळावर तर कुणी तरी हत्ती कोरून ठेवला आहे. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातली कातळशिल्पं गेली, त्यांत उक्षीही आहे.

आमच्या सातबाऱ्यावरही सड्याचा तुकडा आहे. शेरा, पोटखराब. कतारहून धाकट्याचा फोन येतो, "भाई, चिरेखाणवाला भाव चांगला देतोय. तिथे पिकतं काय?" त्याचंही खोटं नाही, मुलीचं लग्न काढलंय. पण खाण पडली की माती, फुलं, टिटवीची जागा, सगळंच गेलं. मी म्हटलं, यंदा सुट्टी श्रावणात घे. दोन सायकली काढू, वर जाऊन येऊ. सहीचं मग बघू.