‘डबल’ नकाशे

मे महिन्यात मी भेंडोळी उघडत नाही. जयपूरची हवा तेव्हा इतकी कोरडी असते की वर्षानुवर्षं गुंडाळून पडलेला ट्रेसिंग पेपर पापडासारखा मोडतो. आषाढ-श्रावणात हवेत जरा ओल आली की तोच कागद निमूटपणे उलगडतो. वर काच ठेवायची, कडेला वजनं ठेवायची आणि दोन दिवस त्याच्याकडे बघायचंही नाही. इथल्या एका जुन्या संस्थेच्या इमारतींचे नकाशे संगणकावर आणायचं काम माझ्याकडे आहे, आणि त्याचं वेळापत्रक संस्थेच्या सभेत कमी, आभाळाकडे बघून जास्त ठरतं.

एकाच भेंडोळ्यात तीन पिढ्यांचे कागद निघतात. सगळ्यात आत खळ दिलेलं, मेणचट स्पर्शाचं ट्रेसिंग क्लॉथ. त्यावर पाण्याचा थेंब पडला की खळ सुटते आणि रेघ फुगते, म्हणून ओलं फडकं त्याच्या आसपास फिरकू द्यायचं नाही. त्यावर निळे फेरो, म्हणजे ब्लूप्रिंट. जॉन हर्शेलनं १८४२ मध्ये शोधलेली ही पद्धत फार गुणी. उजेडात फिकट झालेला फेरो अंधारात ठेवला की बराचसा रंग परत धरतो. पण त्याला अल्कली सोसत नाही. जुने कागद जपायला म्हणून जे ‘बफर्ड’ फोल्डर विकत मिळतात, तेच फेरोच्या जिवावर उठतात. सगळ्यात बाहेर अमोनिया प्रिंट, पिवळे पडलेले, अजून उग्र वास मारणारे. त्यांना फेरोपासून वेगळं काढणं हे माझं पहिलं काम. स्कॅनिंग नंतर.

स्कॅनिंगबद्दल सांगण्यासारखं थोडंच. फाटका कागद रोलरच्या स्कॅनरमध्ये घालायचा नाही, तो वरून कॅमेऱ्यानं टिपायचा. चारशे डीपीआय, टिफ फाइल, प्रत्येक चित्रात रंगपट्टी आणि मोजपट्टी. मोजपट्टी आडवी आणि उभी, दोन्ही. कागद तंतूंच्या आडव्या दिशेनं जास्त आकसतो, त्यामुळे जुन्या नकाशाची लांबी खरी सांगत असली तरी रुंदी खोटं बोलू शकते. कोपऱ्यात ‘१ इंच = ८ फूट’ असं कितीही सुबक अक्षरात लिहिलेलं असो, पडद्यावर त्याला अर्थ नाही. बांधकामावरचा जुना नियम इथंही लागू: पट्टी लावून मोजू नये, लिहिलेला आकडा वाचावा.

डोकं लागतं ते ‘डबल’ कॉप्यांपाशी. रेकॉर्ड सांभाळणारे बाबूजी फार व्यवस्थित माणूस. त्यांनी आधीच गठ्ठे लावून ठेवले होते, एकीकडे मूळ आणि दुसरीकडे सुतळीत बांधलेले जादाचे. “मॅडमजी, ये सब डबल है, इनको रहने दो.” नंबर तोच, तारीख तीच, टायटल ब्लॉक तोच. त्यांचं म्हणणं कागदावर बरोबरच होतं. पण सुतळी सोडली तर प्रत्येक डबलवर काहीतरी मूळ नकाशात नसलेलं. एकावर तांबड्या पेन्सिलीनं खिडकी खोडलेली आणि बाजूला ‘बंद’. एकावर चुन्याचे बोटांचे ठसे आणि पायाच्या खोलीचा बदललेला आकडा. एकाच्या पाठीवर कुणीतरी सांडपाण्याच्या नळाची वाट काढलेली, जी समोरच्या बाजूला कुठंच नाही. मूळ नकाशा इमारत कशी व्हायला हवी होती ते सांगतो. साइटवर मळलेला फेरो ती कशी झाली ते सांगतो. आज भिंतीला ओल आली तर अभियंत्याला दुसराच हवा असतो. म्हणून आमच्याकडे डबल कुणीच नाही, आणि प्रत्येक कागदाची पाठही स्कॅन होते, कोरी असली तरी. डिस्क स्वस्त आहे.

आता हे सगळं लावायचं कसं? या प्रश्नाला जयपूरनं एकदा फार ठाम उत्तर दिलं होतं. सॅम्युअल स्विंटन जेकब अनेक दशकं जयपूर संस्थानच्या पीडब्ल्यूडीचा प्रमुख होता. रामनिवास बागेतला १८८७ चा अल्बर्ट हॉल त्याचाच. १८९० पासून त्यानं ‘जेपोर पोर्टफोलिओ’ छापायला घेतला आणि त्याचे बारा भाग झाले. इथल्याच नकाशनवीसांनी दिल्ली, आग्रा, राजपुताना इथल्या जुन्या वास्तूंवरून काढलेले तपशील. गंमत म्हणजे भाग इमारतींनुसार नाहीत, काळानुसारही नाहीत. एकात सगळे खांब, एकात सगळे कंस, एकात कमानी, एकात कठडे, शेवटी छत्र्या आणि झरोके. पानंही सुटी, म्हणजे हवं ते काढून शेजारी ठेवता येईल, त्यावरून काम करता येईल. इतिहासकाराला हे लावणं बोचतं. आपापल्या इमारतीतून उचललेले कंस एका रांगेत उभे! पण जेकबच्या डोळ्यांसमोर इतिहासकार नव्हता, उद्या सकाळी दगड घडवणारा कारागीर होता.

याच शहरातल्या कपडद्वारात, म्हणजे राजघराण्याच्या मौल्यवान ठेव्यात, कापडावरचे आणि कागदावरचे नकाशे पिढ्यान्‌पिढ्या पडून होते. गोपाल नारायण बहुरा आणि चंद्रमणी सिंह यांची त्यांची सूची आली ती १९९० मध्ये. या परंपरेतले नकाशे बघितले की मला माझ्या पडद्याची लाज वाटते. अक्षरं चारी दिशांना वळलेली, कारण नकाशा जमिनीवर पसरून लोक भोवती बसायचे. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातला १७११ चा आमेरचा नकाशा प्रत्येक बाजूनं साडेसहा मीटरच्या आसपास आहे. तो बघायचा म्हणजे त्याच्याभोवती चालायचं. पडद्याला मात्र वर आणि खाली असतंच, आणि ते कुणीतरी स्कॅन करणाऱ्यानं ठरवलेलं असतं.

कागद आणि इमारत यांची ताटातूट हाही एक प्रकार. जवाहर कला केंद्र जयपुरात. ते आखणारे मुंबईचे चार्ल्स कोरिया यांनी आपला नकाशांचा संग्रह २०१३ मध्ये लंडनच्या ‘रीबा’ या वास्तुविशारदांच्या संस्थेला दिला. तिथं तो नीट राहील यात मला शंका नाही. तरी दुरुस्तीवर असलेल्या मिस्त्रीला लंडन जरा लांबच.

म्हणून आमची मूळ मांडणी भेंडोळ्याची आहे. जे कागद एकत्र सापडले ते एकत्र, पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, राखतात तसे. त्यावर शोधासाठी दोन नोंदी: इमारत आणि अवयव. अवयवांची नावं मी मिस्त्रींना विचारून घातली, म्हणून यादीत ‘छज्जा’ आहे, ‘जाळी’ आहे, ‘टोडी’ आहे.

परवा एका मिस्त्रींनी स्वतः ‘छज्जा’ टाकून शोधलं. आले त्यातले निम्मे वेगळ्याच इमारतीचे. त्यांना त्यातलाच एक आवडला आणि ते म्हणाले, हाच करूया. जेकब खूश झाला असता. मी त्या संध्याकाळी प्रत्येक फाइलच्या माथ्यावर इमारतीचं नाव दुप्पट मोठ्या अक्षरात टाकायला सांगितलं.