शालपर्णीचे मूळ आणि भगताचे वारे

बाळंतकाढ्यातील दशमुळे ज्या घरात ठाऊक नाहीत असे घर प्रस्तुत मासिकाच्या वाचकवर्गात विरळाच सापडेल. बिल्व, अग्निमंथ, श्योनाक, पाटला व काश्मरी ही पाच थोर मुळे आणि शालपर्णी, पृश्निपर्णी, बृहती, कंटकारी व गोक्षुर ही पाच धाकटी. आजीने ती बोटांवर मोजावी व नातसुनेने निमूट काढा घ्यावा, असा शिरस्ता आहे. यांपैकी शालपर्णीस आपण सालवण म्हणतो. काशी हिंदू विश्वविद्यालयातील रसायनज्ञ शिबनाथ घोषाल व त्यांचे सहकारी यांनी १९६९ च्या सुमारास या सालवणीच्या मुळांचे पृथक्करण केले. त्यात त्यांस जी द्रव्ये सापडली त्यांत डायमेथिलट्रिप्टामाईन, संक्षेपाने डी.एम.टी., हे एक होते. ज्याच्या योगाने मनुष्यास काही मिनिटांत लोकांतर घडल्याचा भास होतो, आणि ज्याची चर्चा आज विद्यापीठांपासून वसतिगृहांपर्यंत चालू आहे, तेच हे द्रव्य. घाबरण्याचे मात्र काही कारण नाही. मुळातील त्याचा अंश अत्यल्प असतो. शिवाय हे द्रव्य एकटे पोटात गेले तर आतड्यांतील व यकृतातील एक पाचकद्रव्य त्याचा तेथेच नाश करते. म्हणून शतकानुशतके काढा पिऊनही कोणा बाळंतिणीस कधी गंधर्वनगर दिसले नाही.

हा विषय काढण्यास निमित्त झाले ते माझ्या पुतण्याच्या चिरंजीवाचे. मुलगा पुण्यास अभियांत्रिकी शिकतो. संध्या करीत नाही, पण गीता वाचतो. दिवाळीत फराळाच्या वेळी त्याने मजला सरळच विचारले, "आजोबा, बारा वर्षे नाक धरून जे मिळायचे ते पंधरा मिनिटांत मिळत असेल, तर नाक धरायचेच कशाला?" त्याच्या आईने कानांवर हात ठेवले, वडील ताटावरून उठण्याच्या बेतात आले. मजला मात्र तो प्रश्न उद्धट वाटला नाही. मुलाच्या मनात काय चालले आहे हे कळण्यास याहून बरी संधी कोणती? आणि प्रश्न तर फार जुना आहे.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. हे द्रव्य कॅनडातील रसायनज्ञ रिचर्ड मॅन्स्के याने १९३१ साली प्रयोगशाळेत तयार केले. पण त्याचा मनावरील परिणाम कोणास ठाऊक नव्हता. तो १९५६ साली बुडापेस्ट येथील स्टीफन झारा या वैद्याने स्वतःच्या शरीरात सुईने ते टोचून घेऊन शोधला. पुढे हम्फ्री ऑस्मंड या मनोवैद्याने अशा द्रव्यांस 'सायकेडेलिक' म्हणजे चित्त प्रकट करणारी, असे नाव १९५७ मध्ये रूढ केले. १९९० पासून पाच वर्षे अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. रिक स्ट्रासमन यांनी सुमारे साठ स्वयंसेवकांस मिळून चारशेच्या आसपास मात्रा शिरेतून दिल्या. दोन मिनिटांत परमावधी व अर्ध्या तासात सर्व शांत, असा तो प्रकार. पुष्कळांनी सांगितले की, आपणांस तेथे कोणी सचेतन व्यक्ती भेटल्या, त्या बोलल्या, आणि ते सर्व जागेपणाहूनही अधिक खरे होते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वीस जणांच्या मेंदूचे त्या क्षणीचे व्यापार यंत्रांनी टिपले. मेंदूतील निरनिराळ्या विभागांमधील नेहमीच्या सीमारेषा त्या वेळी पुसट होतात व शांत जागृतीच्या अल्फा लहरी ओसरतात, असे त्यांत आढळले.

येथे एका लोकप्रिय समजुतीचा परामर्श घेणे अवश्य आहे. मेंदूतील पिनिअल नावाची ग्रंथी हेच आपले आज्ञाचक्र, तीच मरणकाळी हे द्रव्य स्रवते, असे व्याख्यानांतून छातीठोकपणे सांगितले जाते आणि आपले श्रोते टाळ्या पिटतात. वस्तुतः स्ट्रासमन यांनी तो एक तर्क म्हणून मांडला होता. २०१९ साली मिशिगन विद्यापीठात उंदरांवर प्रयोग झाले. हृदय बंद पडल्यावर उंदराच्या मेंदूत हे द्रव्य वाढते खरे. पण पिनिअल ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांतही ते वाढले! मनुष्याच्या मेंदूत दर्शन घडवण्याइतके ते साठते असे तर अद्यापि सिद्ध झालेलेच नाही. आपल्या शास्त्रांस अशा उसन्या प्रशस्तिपत्राची गरज आहे, असे मजला कधीच वाटले नाही.

शास्त्रे काय म्हणतात? पतंजलीने कैवल्यपादाच्या आरंभीच सिद्धींची पाच मुळे सांगितली आहेत: जन्म, औषधी, मंत्र, तप व समाधी. म्हणजे औषधीने चित्ताचे रूपांतर होते ही गोष्ट त्याने नाकारली नाही. भाष्यकाराने मात्र औषधीचा दाखला द्यायचा तर असुरांच्या घरच्या रसायनांचा दिला, यात त्याची नापसंती डोकावते. आणि थोडे पुढे सूत्रकार म्हणतो की, या पाचांपैकी ध्यानातून उपजलेले चित्त तेवढे वासनांच्या साठ्यापासून मुक्त असते. आमच्या नव्या विद्वानांनी हे सूत्र पाहावे. कारण स्ट्रासमन यांस जी निराशा आली ती नेमकी हीच: इतके विलक्षण अनुभव येऊनही बहुतेक स्वयंसेवकांच्या पुढील आयुष्यात म्हणण्यासारखा पालट झाला नाही. वारा येऊन गेला, साठा जेथल्या तेथे राहिला.

सोमाचे नाव येथे कोणी काढीलच. गॉर्डन वॉसन याने १९६८ साली सोम म्हणजे एक प्रकारचे भूछत्र असे प्रतिपादिले. इतरांनी इतर वनस्पती पुढे केल्या. निकाल लागलेला नाही. पुण्यास संस्कृतचे अध्यापक असलेले मार्टिन हौग यांनी मात्र वाद न घालता येथील याज्ञिकाकडून विधी करवून तो रस प्रत्यक्ष चाखला, आणि १८६३ च्या आपल्या ऐतरेय ब्राह्मणाच्या ग्रंथात नमूद केले की, रस किळसवाणा असून काही चमच्यांपलीकडे घेववत नाही, किंचित् मादक आहे इतकेच. वल्ली अर्थातच वेदकालीन नव्हे, बदली होती. तथापि अनुभव घेऊन मग लिहिणारा हा गृहस्थ मला आवडतो.

असो. या सर्व ग्रंथचर्चेपेक्षा मजला अधिक शिकवले ते जव्हार-मोखाड्याने. माझी नोकरीची बरीच वर्षे त्या डोंगराळ मुलुखात गेली. १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान असलेला, पुढे ठाणे जिल्ह्यात व २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडणारा हा प्रदेश वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी व कातकरी यांचा. शिमग्यानंतर तेथे बोहाडा भरतो. संबळ घुमू लागतो, मशालींच्या उजेडात गणपती व शारदा यांची सोंगे आधी येतात, मग रात्रभर एकामागून एक देव-दैत्यांचे मुखवटे नाचत येतात. अमुक सोंग अमुक घराण्याने नाचवावे असा परंपरेचा मान असतो. देवीचा मुखवटा चढवलेला मनुष्य कित्येकदा खरोखरच घुमू लागतो, त्याच्या अंगात येते. दोघे जण त्यास दोहीं बाजूंनी सावरतात. वारल्यांच्या लग्नातही पालघट देवीच्या चौकापाशी भगताच्या अंगात वारे येते. कणसरीची कथा घांगळीच्या सुरावर रात्रभर चालते, तेव्हाही तेच.

येथे कोणी द्रव्य टोचत नाही. मोहाची दारू असते, देवास तिची धार पडते; परंतु दारू चित्त जड करते, दर्शन देत नाही. मग वारे येते कसे? जागरण, उपास, एकसारखा ठेका, मशालीची हलती ज्योत, जोराचा श्वासोच्छ्वास, आणि या सर्वांहून मोठी म्हणजे लहानपणापासून घट्ट झालेली अपेक्षा. आता या द्रव्यांचे संशोधकही सांगतात की, दर्शनात काय दिसेल हे मात्रेइतकेच मनाच्या तयारीवर व भोवतालच्या परिस्थितीवर अवलंबून असते.

तेथील एका वृद्ध भगताशी माझा स्नेह जडला. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. त्यांस मी एकदा विचारले, वारे आले असता आपणांस काय होते? ते म्हणाले, "वारं येतं तवा मी नाय, गुरुजी. पण सकाळी मीच हाय." प्रथम मला याचा अर्थ लागला नाही. मग त्यांनीच उलगडा केला. रात्री तोंडातून जे निघाले त्याचा जाब गाव सकाळी त्यांना विचारतो. गुरे हरवली ती कुठे सापडतील असे सांगितले आणि सापडली नाहीत, तर हसे त्यांचे होते, देवाचे नव्हे. पुढे केव्हा तरी मी त्यांस अमेरिकेतील प्रयोगांची हकीकत सांगितली. ती त्यांनी शांतपणे ऐकली व विचारले, "मंग तेंनी देवाला इचारलं काय?" मी म्हटले, विचारायचे असे काही ठरलेले नव्हते. त्यांस ही गोष्ट मोठी चमत्कारिक वाटली.

तत्त्वज्ञानाची खरी गाठ येथेच आहे. ब्रह्मसूत्रभाष्यात आचार्य एके ठिकाणी स्वप्नातल्या सर्पदंशाचा दृष्टांत देतात. साप खोटा, दंश खोटा. पण 'मला सर्प चावला' असे जे ज्ञान झाले ते झालेच, जाग आल्यावरही त्याचा बाध होत नाही. स्वयंसेवकास भेटलेली व्यक्ती आणि भगताच्या अंगातील देवी यांबद्दल मी इतकेच म्हणेन. अनुभव आला हे खरे. तो इतका प्रखर होता म्हणून त्यातील वस्तू बाहेरही आहे, हे अनुमान मात्र टिकत नाही. नैयायिकाने प्रत्यक्षास अव्यभिचारी हे विशेषण लावले ते उगीच नव्हे. उलट, अमुक रसायनाने अनुभव आला म्हणून तो फोल, हेही म्हणता येत नाही. चहाने तरतरी येऊन गणित सुटले, तर गणिताची बरोबरी चहावरून ठरवायची नसते, ताळा करून पाहायचा असतो.

ताळ्याचा हा प्रश्न त्या मुलुखात पोथीतला राहत नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने मुले दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. ज्या लेकराच्या पोटात अन्न नाही त्याचे निदान वाऱ्यात करता येत नाही. आणि साप चावलेल्या माणसापुढे तांदळाचे दाणे टाकीत बसले, तर दाणे पुरे होण्याआधी माणूस जातो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने, सर्प वा विंचू दंश झाला असता वैद्यकीय उपचारास अडवून मंत्रतंत्र करणे हा गुन्हाच ठरवला. कायद्याच्या मी बाजूचा आहे. तरी एक गोष्ट नमूद करतो. वर सांगितलेले भगत दंश झालेल्यास दाराशी बसू देत नसत. प्रथम जव्हारच्या कुटीर रुग्णालयात नेण्यास सांगत. देव मग विचारू, म्हणत. सगळेच भगत असे नसतात. काही जण ओरबाडतात, त्यांचीही घरे मी पाहिली आहेत.

पुतण्याच्या मुलास मी दोन पानांचे पत्र घातले. त्यात लिहिले की, १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने हे द्रव्य आपल्या देशात निषिद्ध आहे; त्याने नाडी व रक्तदाब चढतो; ज्यांच्या घराण्यात बुद्धिभ्रंशाचा इतिहास आहे अशांस प्रयोगशाळेतही ते देत नाहीत, आणि आपल्या घराण्यात तुझे चुलत पणजोबा कसे गेले हे तुझ्या आजीस विचार. हे घरात कधी कोणी मोकळेपणी बोलत नाही. मी प्रथमच लिहिले. शेवटी कैवल्यपादातील ते पहिले व सहावे सूत्र भाष्यासह उतरवून दिले. त्याचे उत्तर आले आहे. भाष्यातल्या असुरांविषयी त्याने तीन शंका काढल्या आहेत, आणि शिमग्याच्या सुट्टीत मोखाड्यास बोहाडा पाहावयास येतो म्हणतो.