मावशीचं नाव

मुलीकडे मिनेसोटाला गेले होते, तेव्हा शेजारची बाई पणजीचा शोध घेत होती. घरच्या बायबलमध्ये एवढंच लिहिलेलं : ‘ॲना जॉन्सन, स्वीडनहून, १८८७.’

त्या काळात दहा लाखांहून अधिक स्वीडिश माणसं अमेरिकेत आली. त्यातली ही ॲना कोणती? शिवाय तिकडे गावाकडच्यांना आडनाव नसायचं. योहानचा मुलगा योहान्सन, मुलगी योहान्सदोत्तर. आपण बापाचं नाव मधे लावतो, तसंच. जॉन्सन झालं ते इथे आल्यावर.

वाट दाखवली इथल्या लुथरन चर्चच्या वहीनं. तिच्यात ॲनाच्या मूळ गावाचं नाव होतं. स्वीडनमध्ये पाद्री कोणाला वाचता येतं, धर्माचं किती पाठ आहे, हे तपासून वहीत लिहीत. कोण कुठे गेलं तेही. ती पानं आता इंटरनेटवर फुकट बघता येतात.

ॲना सापडली. नावापुढे ‘उत्तर अमेरिका’. खालच्या ओळीत तिची दोन वर्षांची मुलगी, अनौरस. तिच्यापुढे मात्र कुठे गेल्याची नोंद नव्हती.

शेजारीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आईला सांगू? पंचाऐंशी वर्षांची आहे.”

माझी पणजी कुठल्याच कागदावर नाही. दादीच्या बोलण्यात होती, दादीबरोबर गेली. मी म्हटलं, “सांग.”

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे मला अजून एक मावशी होती,” ती म्हणाली. “नाव काय तिचं?”