टाचेवरचा बिऱ्हाडकरू

त्याचा जन्म एकादशीचा. ज्येष्ठ वद्य एकादशी, हडपसर मागे टाकून पालखी वडकी नाल्याकडे निघालेली. जागा माझ्या डाव्या टाचेची बाहेरची कड. नक्की वेळ सांगता येत नाही, कारण जन्मला तेव्हा तो रडला नाही, नुसता चुणचुणला. मी दुर्लक्ष केलं. रोज सकाळी पर्वती चढणारा माणूस मी, छप्पन्नाव्या वर्षी वारीला निघालो म्हणून सोसायटीत सत्कार वगैरे झालेला. एका चुणचुणीसाठी रस्त्याच्या कडेला बसणं मला शोभलं नसतं.

तेव्हा पाच मिनिटं बसलो असतो, पायमोजा बदलला असता, तर तो कदाचित आलाही नसता. वडकीच्या अलीकडे सरीवर सर येऊन गेली होती आणि दोन्ही पायमोजे चिंब होते. हा प्रकार कसा घडतो ते डॉक्टर असलेल्या भाचीने मला नंतर फोनवर, बराचसा ओरडून, समजावलं. बूट कातडीला जागच्या जागी धरून ठेवतो आणि आतलं हाड प्रत्येक पावलाला पुढेमागे सरकत असतं. ही ओढाताण तासन् तास चालली की कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या पोकळीत पाणी भरतं. ओल्याने कातडी मऊ पडलेली असली की काम लवकर उरकतं. पुणे ते सासवड हा वाटेतला सगळ्यात लांब टप्पा, ३० किलोमीटरांच्या वर. म्हणजे चाळीसेक हजार पावलं, त्यातली निम्मी डाव्या पायाची. वर एकादशी. पोटात शेंगदाण्याचे लाडू, केळी आणि मिळेल तिथली साबुदाण्याची खिचडी. अशा दिवशी दिवेघाट चढायचा.

घाटात मात्र तो वागला शहाण्यासारखा. खरं तर घाटात कुणाचंच काही दुखत नाही. वळणावरून मागे पाहिलं की खालपर्यंत पताकाच पताका, रथाला लावलेल्या जादा बैलजोड्या, टाळांचा एकच लोट वर येतोय. मी रडलो. कशासाठी ते मला अजून सांगता येणार नाही. मी फारसा देवभोळा नाही. घाटमाथ्यावर पाणी प्यायला थांबलो, पुन्हा पाय टाकला आणि त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. त्याचा स्वभाव मला तिथेच कळायला हवा होता. चालणाऱ्याच्या वाटेला तो जात नाही, थांबलेल्याला सोडत नाही. बसून उठलात की पहिली शंभर पावलं त्याची. तेवढ्यात तो सगळा हिशेब चुकता करतो, मग पाय बधिर होतो आणि तोही गप्प.

सासवडला रात्री राहुटीत पायमोजा काढला. रुपयाच्या नाण्याएवढा, फुगीर, तुळतुळीत. बॅटरीच्या उजेडात आतलं पाणी हललेलं दिसलं. मी चटकन पायमोजा वर ओढला. पुण्यातले दोन मुक्काम मी स्वतःच्या घरी, स्वतःच्या पलंगावर काढले होते, ही गोष्ट दिंडीत लपवून ठेवली होतीच. आता तिच्या जोडीला हा. सासवडला पालखी दोन रात्री असते, सोपानकाकांचं गाव ते. तेवढ्यात बसेल, असं म्हटलं. तो बसला नाही, त्याने हातपाय पसरले.

जेजुरीच्या वाटेवर मी लंगडायला लागलो. लंगडणं झाकायचं म्हणून दुसऱ्या पायावर भार दिला, तर संध्याकाळी उजव्या पोटरीला गोळे आले. जेजुरीत पालखीवर भंडारा उधळला गेला, माणसं पिवळी झाली, मीही झालो, आणि त्या पिवळ्या आनंदात माझं लक्ष होतं ते फक्त माझ्या टाचेवर कुणाचा पाय पडत नाही ना याच्याकडे. रात्री तळावर आमच्या दिंडीतल्या म्हाताऱ्या बाईने मला गाठलं. परभणीकडची. तिला सगळे गंगाखेडची म्हणत, मी आजी म्हणायचो. कितवी वारी, असं विचारलं तर म्हणायची, ‘मोजायला काय उसनं दिलंय का कुणाला?’

‘पाय दाखव,’ ती म्हणाली.

मी म्हटलं, काही नाही, आजी.

‘मग लपवायलास कशाला? शेण लागलंय का पायाला?’

मी पायमोजा काढला. तिने पाहिलं, मान हलवली आणि पिशवीतून सुई काढली. पंगतीच्या गॅसच्या शेगडीवर ती लाल केली, थंड होऊ दिली, पांढरा दोरा ओवून तेलात बुडवला आणि माझी टाच उचलून सरळ आपल्या मांडीवर घेतली. आता, माझ्या आईहून थोडीच लहान असलेली बाई. तिच्या अंगाला चुकून पाय लागला तर पटकन नमस्कार करायचा, अशा घरात मी वाढलेलो. मी पाय मागे ओढला. तिने तो पुन्हा घेतला, या वेळी घोटा घट्ट धरून. सुई एका कडेने आत गेली, दुसऱ्या कडेने बाहेर आली. दुखलं अजिबात नाही, फोडाची वरची कातडी मेलेली असते. पाणी आलं, कोमट, स्वच्छ, चमचाभरही नसेल. दोरा आतच ठेवायचा, त्याच्या वाटेने उरलेलं पाणी झिरपून जातं. पण दोरा तोडायला कात्री नव्हती. आजी वाकली, तिचं कपाळ माझ्या तळव्याला टेकलं, आणि तिने दोरा दातांनी तोडला.

मी काय केलं ते सांगतो. मी राहुटीच्या कापडाकडे बघत राहिलो. एवढंच जमलं.

भाचीला हे सांगितल्यावर ती पुन्हा ओरडली. दोरा ठेवणं म्हणजे जंतूंना आत यायला पायघड्या घालणं. वरची कातडी ही फोडाची सगळ्यात चांगली पट्टी, ती शाबूत ठेवायची, दोऱ्याबिऱ्याच्या भानगडीत पडायचं नाही. तिचं म्हणणं बरोबरच आहे. वाटेत जागोजागी फुकट दवाखाने असतात, तिथे जायला हवं होतं. मी आजीला हे सांगायला गेलो नाही.

पाणी गेल्यावर बिऱ्हाडकरू नरमेल, अशी माझी समजूत होती. तो चिडला. वाल्ह्यापर्यंत त्याचं छप्पर घासून घासून एका बाजूने सुटलं, खालची लाल, ओली कातडी उघडी पडली, आणि ठसठस सुरू झाली ती नाडीच्या तालावर. वाल्ह्याला पाऊस होता, तळावर चिखल होता आणि माझ्या वळकटीच्या जागेवर एक मुलगा टाळ छातीशी धरून झोपला होता. मी त्याला उठवलं. नीट उठवलं नाही, वस्सकन ओरडून उठवलं. तो काही बोलला नाही, माउली म्हणून बाजूला सरकला आणि पुन्हा झोपला. मी त्या कोरड्या जागेवर रात्रभर जागा होतो.

त्या मुक्कामाची समाजआरती आठवते. पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंच करून ‘होऽ’ म्हणून आरोळी देतो आणि तो सगळा कल्लोळ एका दमात थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तीच टाळ वाजवत राहते, मग तिला जाऊन विचारतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्याचा पुकारा: एक चष्मा, एक पिशवी, एक म्हातारे गृहस्थ. त्या शांततेत अख्ख्या तळावर एकटा तो ठणकत होता. मला वाटलं, आता चोपदार गर्दीतून वाट काढत माझ्या डाव्या टाचेपाशी येणार.

त्याला रेल्वेचं वेळापत्रकही पाठ होतं. बाहेरच्या माणसाच्या हे लक्षात येत नाही, पण जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद या चारही मुक्कामा-विसाव्यांच्या गावांना पुणे–मिरज मार्गाचं स्टेशन आहे. चार दिवस लोहमार्ग तुमची पाठ सोडत नाही. रात्री गाडीची शिटी ऐकू येते. तो म्हणायचा, काय हे चालवलंयस? कुणासाठी? पुण्याला काही तासांत पोचशील, गरम पाण्याची बादली, पलंग. सत्कार तर आधीच झालाय. नीरेला माउलींच्या पादुकांना नदीत स्नान घालतात, माणसं कमरेइतक्या पाण्यात उभी राहून हात जोडतात. मी पाण्यात उतरलो, उघड्या मांसाला पाणी झोंबलं, आणि मी उठलो तो थेट पिशवी आणायला. लोणंदला स्टेशनावर गेलो देखील. बाकावर बसलो. पलीकडच्या बाकावर एक जण बूट काढून पाय चोळत बसला होता, पन्नाशीचा, डोक्यावर माझ्यासारखीच कोरी टोपी. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही एकदम नजर फिरवली. चोरट्यांची गाठ पडावी तसं. मी उठून तळावर परत आलो. त्याचं काय झालं, माहीत नाही.

लोणंदनंतर गाडी सातारच्या दिशेला वळते आणि पालखी फलटणच्या. मग त्या बाजूने तो फारसं बोलला नाही.

चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दिंड्या उभ्या, मधून अश्व धावत येतात, पुढे स्वाराचा, मागे माउलींचा, ज्याच्या पाठीवर कुणी बसत नाही. अश्व पुढे गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला गर्दी फुटते. मी फुटपट्टीने जगणारा माणूस, मी मागे उभा राहून बघणार होतो. दोन मिनिटांनी माझ्या मुठीत माती होती आणि मी तिथे कसा आलो ते आठवत नव्हतं. चाललो नव्हतो, पळालो होतो. टाचेकडून एक शब्द नाही. संध्याकाळी त्याने वचपा काढायचा क्षीण प्रयत्न केला, पण आवाजात पूर्वीचा दरारा नव्हता.

फलटणच्या पुढे तो वाळायला लागला. आधी कडा आवळल्या, मग पापुद्रा तपकिरी, कडक झाला. बरडला मी तो नखाने उचकटून पाहिला आणि आजीने हातावर फटका मारला. नातेपुते, माळशिरस. चालणं आता आपोआप होत होतं, पहाटे उठताना अंग मोडून यायचं आणि दहा मिनिटांत सुटायचं. कुणी माउली म्हणून हाक मारली की मी मागे वळून बघेनासा झालो, ‘ओ’ द्यायला लागलो. वेळापूरच्या अलीकडे उतारावर धावा असतो. इथून तुकोबांना कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं सांगतात. म्हणून सगळेच धावतात, ऐंशीच्या बायका पदर खोचून धावतात. त्या धावण्यात की त्याच्या आगेमागे, पापुद्रा गळाला. रात्री पायमोजा झटकला तर पडला, सुकलेल्या कांद्याच्या सालीसारखा. खाली गुलाबी, हुळहुळी कातडी, तान्ह्या मुलाच्या गालाची.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. भंडीशेगावच्या पुढे चाल मुद्दाम हळू पडत होती, माझीच नव्हे, पुष्कळांची. वाखरी म्हणजे सगळ्या पालख्या एकत्र, माणसांचा समुद्र, आणि उद्या संपलं. तिथे मी बसून उठलो, पहिली शंभर पावलं टाकली, आणि टाच गप्प. मी दोनतीनदा ती मुद्दाम जमिनीवर आपटून पाहिली. हे कुणाला सांगायचं? बायकोला फोन केला, म्हटलं, पाय बरा आहे. ती म्हणाली, मग आवाज असा का?

पंढरपुरात आजीने रांगेचा विचारही केला नाही. दर्शनाची रांग लांबच लांब होती. तिने लांबूनच कळसाला हात जोडले, गालांवर बोटं मोडली आणि म्हणाली, ‘बास. चल, भाकरी खाऊ.’ एवढं चालून एवढंच? मी विचारलं नाही, पण तोंडावर दिसलं असावं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि वेगळंच विचारलं.

‘सुई कुठाय माझी?’

वाल्ह्याला तिने ती माझ्या टोपीत टोचून दिली होती, पुन्हा भरला तर असू दे म्हणून. मी विसरलो होतो. टोपी काढून आतल्या शिवणीतून ती ओढली. एवढ्या दिवसांच्या घामाने आणि पावसाने काळपट, तांबूस झालेली.

‘गंजवलीस की रं,’ ती म्हणाली. पदर सारला, सुई केसांतून दोनदा फिरवली, अंगठ्यावर टोक तपासलं आणि पिशवीत टाकली.