वाकडा माड

मे महिना लागला की देवबागला मामाच्या घरी आम्ही सात मामे-आतेभावंडं जमायचो. चौघं मुंबईची, तिघं तिथलीच. तेव्हा पत्त्यात जिल्हा रत्नागिरी लिहायचो. सिंधुदुर्ग वेगळा झाला 1981 साली.

देवबाग म्हणजे तारकर्लीपासून दक्षिणेला निघालेली वाळूची चिंचोळी पट्टी. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी, आणि पट्टी संपते तिथे दोघांची गाठ. पलीकडे भोगवे. रात्री पडवीत आडवं झालं की पायाकडून समुद्राची गाज यायची, उशाकडून वल्ह्यांची चुबुक-चुबुक.

आजोची होडी पहाटे बाहेर पडायची. परतताना खाडीच्या तोंडातले वाळूचे दांडे चुकवत आत शिरायचं, त्यासाठी त्याची एक खूण होती. आमच्या बागेतल्या शेवटच्या वाकड्या माडामागे पलीकडच्या डोंगराचा खांदा आला की होडी वळवायची. आधी वळलात तर दांड्यावर, उशीर केलात तर भोगव्याच्या खडकांवर. ही खूण आम्हा सातही जणांना पाढ्यांसारखी पाठ होती. जेवताना आजो मध्येच विचारायचा, आणि चुकलं त्याच्या ताटातली माशाची तुकडी शेजारच्याला जायची.

आम्ही जून उजाडता निघून जायचो, त्यामुळे मुंबईच्या चौघांनी खाडीचा खरा उद्योग कधी पाहिलाच नाही. तो तिथल्या तिघांनी पाहिला. सह्याद्रीतून कुडाळवरून पूर यायचा, समोरचा दांडा फोडून तोंड रुंद करायचा. त्याच वेळी खवळलेला समुद्र किनाऱ्याची वाळू ओढून न्यायचा. पाऊस सरला की निवलेल्या लाटा तीच वाळू थोडी थोडी परत आणायच्या. तिरप्या येणाऱ्या लाटा तिला काठाकाठाने सरकवायच्या, की पट्टीचं टोक पुन्हा वाढू लागायचं. तोंड मात्र बुजायचं नाही, कारण भरतीला आत शिरलेलं पाणी दिवसातून दोनदा सुकतीला बाहेर धावायचं आणि वाट खरवडून ठेवायचं. पुनवेला, अवसेला त्याला उधाणाचा जोर. अष्टमीच्या भांगाला ते आळसावलेलं. "खाडयेक आपला तोंड आपणच शोधूचा लागता," आजो म्हणायचा.

म्हणून आमची भांडणं कधी मिटत नाहीत. थोरला म्हणतो, बागेपुढे माडांच्या तीन ओळी होत्या, मग पुळण, मग पाणी. मधल्यांना दोनच आठवतात. धाकटी शपथेवर सांगते, एकच. सगळेच खरं बोलतात. दर चार-पाच वर्षांनी जन्मलेल्याच्या वाट्याला वेगळा किनारा आला. सातबाऱ्यावर मात्र सगळ्या ओळींची जमीन अजून मामाच्या नावावर आहे. त्यातल्या काही गुंठ्यांवर आता पापलेटं फिरतात.

पुढे किनाऱ्याला दगडांचा बंधारा आला. त्याच्यामागची घरं तगली. पुढची पुळण गेली आणि तिच्यासोबत आमची रापणीचं जाळं ओढायची जागाही. खाडीतही एक वाळूचा उंचवटा पाण्यावर आला. 26 डिसेंबर 2004च्या लाटेनंतर तो वर आला असं गावात सांगतात, म्हणून त्याला सुनामी बेट म्हणतात. पर्यटक तिथे उतरून चहा पितात. आमच्या लहानपणीही दांडे असे उगवायचे, बुडायचे. पण त्यांचं बारसं करायला कुणाला वेळ नव्हता.

आजोच्या मागे काही वर्षांनी वाकडा माडही एका उधाणात गेला. आदल्या वर्षीच मामाने त्याच्या बुंध्याशी दगड रचले होते. पाणी दगडांना वळसा घालून मागून आलं.

गेल्या मेमध्ये सातजण पुन्हा जमलो. मामाच्या नातवाची पर्यटकांची बोट आहे. त्याने आम्हाला तोंडापर्यंत नेलं. भोगव्याचा डोंगर जागच्या जागी. बोट एका ठिकाणी आली आणि आम्ही सातही जण, कुणी कुणाला न विचारता, एकदम ओरडलो, "वळव!"

पोराने सुकाणू हलवलं नाही. "काकानू, थय आता वाळू आसा," एवढंच म्हणाला, आणि सरळ पुढे गेला.