ढगात बसूनही क्लाउड नाही!

शुक्रवारी ऑफिसमधून थेट गाडीत. सॅक, पॉवरबँक, फोन. झालं पॅकिंग! पाकीट? ते कशाला, यूपीआय आहे ना.

राजूरच्या पुढे रेंजच्या काड्या एकेक करून गळाल्या. पाचनईला पोहोचेपर्यंत स्मार्टफोनची झाली नुसती बॅटरी.

सकाळी हरिश्चंद्रगड चढताना कळलं, की जीपीएसचा निळा ठिपका इमानदार आहे. त्याला थेट उपग्रहाकडून सिग्नल मिळतो. पण नकाशा आधी डाउनलोड केला नसेल, तर तो बिचारा कोऱ्या करड्या स्क्रीनवर भटकत राहतो. सोमवारच्या प्रेझेंटेशनचंही तेच. फाइलचं नाव दिसतं, फाइल उघडत नाही. कोकणकड्यावर अक्षरशः ढगात बसले होते मी, आणि क्लाउडचा पत्ता नाही!

केदारेश्वराच्या गुहेत मात्र गार पाण्यात पाय सोडून बसलो. पाण्यात शिवलिंग, भोवती चार खांबांपैकी शाबूत उरलेला एकच. फोन कुठे होता, आठवत नाही.

खरी गोची खाली उतरल्यावर. पिठलं-भाकरी आणि चहाचे झाले सहाशे रुपये. आम्हा चौघांकडे मिळून कॅश सत्तर! घाम फुटला. मावशी म्हणाल्या, "जा गं पोरी, रेंज आली की टाक." कॅलेंडरच्या फाटक्या कागदावर मुलाचा नंबर लिहून दिला.

राजूरला फोन थरथरायला लागला. बत्तीस मेल, बॉसचे चार मिस्ड कॉल. आधी पैसे टाकले. मिळाले का विचारायला त्या नंबरवर फोन लावला, तर संपर्कक्षेत्राच्या बाहेर!