रेषांचे घर

आपल्या घरांतल्या भिंतींवर बहुधा एक कॅलेंडर, आयतुल कुर्सीची चौकट आणि काबा शरीफचे छायाचित्र असते. अशा घरातली मुलगी बारावीनंतर चित्रकला शिकायची म्हणते, तेव्हा दोन हरकती येतात, एक दीनाची आणि दुसरी पोटाची. आमच्या घरी गेल्या वर्षी दोन्ही आल्या. पहिली दादीने घेतली, दुसरी अब्बांनी. दोन्ही रास्त होत्या. त्यांना उत्तर द्यायचे म्हणून आम्ही सगळे मिळून वाचू लागलो.

दादीसाठी आम्हाला दोन नावे सापडली. दोघींचा जन्म 1937चा. नसरीन मोहमदी कराचीत जन्मल्या, मुंबईत वाढल्या, लंडनला शिकल्या आणि 1972पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवत राहिल्या. 1990 साली त्यांचा इंतकाल झाला. त्यांच्या उत्तरकाळातल्या कामात ना चेहरा, ना माणूस. कागदावर पेन्सिल आणि शाईच्या बारीक, मोजूनमापून ओढलेल्या रेषा, बस्स. आजाराने हात साथ देईना, तरी रेषा ढळली नाही. दुसऱ्या अलीगढच्या झरीना हाश्मी. शिक्षण गणिताचे, काम लाकडी ठशांच्या छपाईचे. 1999च्या त्यांच्या एका मालिकेत 36 ठसे आहेत आणि प्रत्येकाखाली उर्दूत एक शब्द: घर, उंबरठा, दार, अंगण. फाळणीनंतर पांगलेल्या कुटुंबाचे दुःख त्यात आहे. दादीने ते ठसे मोबाइलवर पाहिले, उर्दू शब्द एकेक करून वाचले आणि म्हणाली, “यात मनाई करण्यासारखे काय आहे?”

अब्बांचा प्रश्न अधिक अवघड होता. नसरीन हयात असताना त्यांचे नाव मोजक्याच लोकांना ठाऊक होते. मुंबईत 1952पासून जहांगीर आर्ट गॅलरी होती आणि थोड्या खासगी गॅलऱ्या. त्यापलीकडे फारसे काही नव्हते. गेल्या तीस वर्षांत हे बदलले. 1996मध्ये मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आले. भायखळ्याचे जुने भाऊ दाजी लाड संग्रहालय दुरुस्तीनंतर 2008मध्ये पुन्हा खुले झाले आणि आजच्या चित्रकारांनाही जागा देऊ लागले. 2010मध्ये दिल्लीत किरण नाडर संग्रहालय उघडले. 2012मध्ये कोचीला बिएनाले भरले, तेही मुंबईत शिकलेल्या दोन केरळी चित्रकारांच्या पुढाकाराने. 2011च्या व्हेनिस बिएनालेत भारताच्या दालनात झरीना होत्या. 2016मध्ये न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने नवी शाखा उघडली, तेव्हा पहिल्या प्रदर्शनांत नसरीन यांचे प्रदर्शन होते. त्यांना जाऊन तेव्हा 26 वर्षे झाली होती.

संस्था वाढल्या की रोजगारही वाढतो. प्रदर्शनाची मांडणी, जुन्या चित्रांची डागडुजी, छपाई, शाळेतले अध्यापन अशी कामे निघतात. पण ही दुनिया अजूनही मोठ्या शहरांची आहे, आणि तिच्यात शिरायला ओळख व पैसा लागतो. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या आपल्या मुलीला तिथवरची वाट सोपी नाही. म्हणून अब्बांनी अट घातली, चित्रकलेसोबत शिक्षकी पदविकाही घ्यायची. ती तिने मान्य केली.

नसरीनना दाद मिळाली ती उशिरा. आपल्या मुलींना ती वेळेवर मिळायची, तर सुरुवात घरच्यांनी करायला हवी. मुंबईला गेलात तर लग्नाच्या खरेदीतून एक तास काढा. जहांगीरला तिकीट नाही. मुलांना घेऊन आत जा, कळले नाही तर विचारा. चित्रकार बहुधा तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो.